नाशिकचे पहिले बिशप : फिलिप हेन्री लॉइड

मुंबई इलाख्यात अँग्लिकन पंथ, म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडलेला प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर कसा आला, याचा विचार या लेखमालेच्या मागील लेखात झाला. 1818च्या मे-जून महिन्यांत नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेला मालेगावचा भुईकोट इंग्रजांच्या हाती पडला आणि गिरणा-मोसमच्या संगमाजवळच्या या गावाला लष्करी छावणी मिळाली, जिची आठवण शहरातील ‘कॅम्प’ या वस्तीच्या नावात आजही आहे. छावणीतला धर्मगुरू गोऱ्या शिपायांच्या उपासनेसाठी असे, तर एकोणिसाव्या शतकात मालेगावी काम करू लागलेल्या चर्च मिशनरी सोसायटीचा मिशनरी मराठी माणसांकडे जात असे. दोघांचा पंथ एक असला तरी एक सरकारी नोकर होता आणि दुसरा इंग्लंडमधील वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी होता. हे दोन प्रवाह एका व्यवस्थेखाली आणून त्यांतून मराठी भाषक, स्वशासित धर्मसभा उभी करण्याचे काम ज्या पिढीने केले, तिच्यात नाशिकचे पहिले बिशप फिलिप हेन्री लॉइड यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

धर्माधिकाराची उतरंड

लॉइड यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी आधी अँग्लिकन व्यवस्थेतील पदे ध्यानात घ्यावी लागतात. एखाद्या प्रदेशातील सर्व मंडळ्या, म्हणजे स्थानिक उपासक-समुदाय, मिळून जो विभाग होतो त्याला धर्मप्रांत म्हणतात. त्याचा प्रमुख तो बिशप; नव्या धर्मगुरूंना दीक्षा देणे आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांचे दृढीकरण करणे हे अधिकार त्याचेच असतात. अनेक धर्मप्रांतांवर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ बिशपाला इंग्लंडमध्ये आर्चबिशप म्हणतात, तर हिंदुस्थानात हा दर्जा कलकत्त्याच्या बिशपाला ‘मेट्रोपॉलिटन’ या नावाने दिलेला होता. 1813च्या सनदी कायद्यानंतर कलकत्त्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, 1833च्या सनदी कायद्याने मद्रास व मुंबई येथील बिशपांची तरतूद केली आणि 1837मध्ये टॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले. या बिशपांची नेमणूक इंग्लंडचा राजा करी, वेतन हिंदुस्थानच्या तिजोरीतून निघे आणि मुंबईचा बिशप कलकत्त्याच्या, तर कलकत्त्याचा बिशप कँटरबरीच्या आर्चबिशपाच्या आज्ञेत असे. ज्या मराठी शेतमजुराने नगर किंवा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात बाप्तिस्मा घेतला, त्याचा धर्मप्रमुख निवडण्याचा अधिकार अशा रीतीने लंडनमध्ये होता.

ईटन ते मिरी

लॉइड यांचा जन्म 1884 सालचा. ईटनची शाळा आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज या तत्कालीन इंग्लंडमधील उच्चभ्रू संस्थांत त्यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू झाल्यावर त्यांनी लंडनच्या हॅकनी विक या श्रमिक वस्तीत सहायक म्हणून काम केले आणि पुढे ऑक्सफर्डजवळील कडेस्डन येथील धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाचे ते उपप्राचार्य झाले. अशा वाटेने जाणाऱ्या माणसाला इंग्लंडमध्येच मोठी पदे मिळत असत. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात लॉइड अहमदनगर जिल्ह्यातील मिरी या खेड्यात मिशनरी म्हणून आले.

मिरी आज पाथर्डी तालुक्यात मोडते. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831पासून चालू होते आणि 1870च्या दशकात सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल ही अँग्लिकन संस्थाही तेथे आली. 1876-77 आणि 1899-1900 या दुष्काळांनी हा मुलूख होरपळून निघाला होता. तेथील ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. बाप्तिस्म्याने जातीचा शिक्का पुसला जाईल ही आशा मोठी होती, पण गावगाडा तसाच राहिला होता. गावकीची कामे, वतनाचे हक्क, पाणवठा आणि सोयरिकी या सर्व ठिकाणी जुने नाते नव्या धर्माच्या आड येत असे. बिशप होण्यापूर्वी लॉइड यांना हे जग मिरीत आणि नंतर अहमदनगर शहरात, मराठी मंडळ्यांमध्ये राहून पाहता आले. मुंबईच्या गादीवर इंग्लंडहून थेट येऊन बसणाऱ्या पूर्वसूरींपेक्षा त्यांचा मार्ग येथेच वेगळा झाला.

पामर आणि स्वशासनाचा पाया

1908 ते 1929 या काळात मुंबईचे बिशप असलेले एडविन जेम्स पामर हे ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजातील अध्यापकवर्गातून आले होते. हिंदुस्थानातील अँग्लिकन धर्मसभा इंग्लंडच्या राजसत्तेपासून कायद्याने मोकळी झाली पाहिजे, या मतासाठी ज्यांनी बुद्धी वेचली त्यांत पामर अग्रभागी होते. मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांच्या कारकिर्दीत, 1927 साली, ब्रिटिश पार्लमेंटने इंडियन चर्च ॲक्ट संमत केला. त्यानुसार 1 मार्च 1930 रोजी ‘चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ ही स्वतंत्र धर्मसभा अस्तित्वात आली. तिच्यात धर्मगुरूंबरोबर सामान्य उपासकांनाही प्रतिनिधित्व देणाऱ्या परिषदा आल्या आणि बिशपाच्या निवडीचा अधिकार हिंदुस्थानातच आला.

1925मध्ये लॉइड मुंबई धर्मप्रांताचे सहायक बिशप झाले होते. 1929मध्ये मुंबईपासून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा करण्यात आला आणि ते त्याचे पहिले बिशप झाले. नाशिक, मालेगाव, मनमाड, औरंगाबाद ही चर्च मिशनरी सोसायटीची जुनी ठाणी आणि अहमदनगरकडील सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेलच्या मंडळ्या यामुळे एका छताखाली आल्या. पहिली संस्था बायबलवाचन व प्रवचन यांवर भर देणारी, तर दुसरी संस्कारविधी आणि परंपरा जपणारी. त्यामुळे या मंडळ्यांना एक धर्मप्रांत म्हणून चालायला शिकवणे हे लॉइड यांच्यापुढचे पहिले काम होते.

दुसरे आव्हान धर्मसभेच्या बाहेरून आले. नवी धर्मसभा 1 मार्च 1930ला स्वतंत्र झाली आणि दुसऱ्याच दिवशी, 2 मार्चला, नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली ती येवल्यात, म्हणजे याच धर्मप्रांताच्या हद्दीत. माणुसकी मागणाऱ्या समाजाला आपण खरोखर समतेचे घर देऊ शकतो काय, हा प्रश्न देशभरातील ख्रिस्ती मंडळ्यांपुढे उभा राहिला. आणि ज्या मंडळ्यांत महार व मांग यांच्यातले अंतर पुरते मिटले नव्हते, त्यांना त्याचे उत्तर ठामपणे देता येत नव्हते.

कारकिर्दीचे मूल्यमापन

1944मध्ये लॉइड इंग्लंडला परतले, सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले, 1950मध्ये निवृत्त झाले आणि 1952मध्ये निधन पावले. मराठी खेड्यातून बिशपपदापर्यंत आलेला इंग्रज म्हणून त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तरीही त्यांच्या पिढीची मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. व्ही. एस. अझरिया 1912मध्येच दोर्नाकलचे बिशप, म्हणजे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, झाले होते, परंतु मेट्रोपॉलिटनपदी भारतीय व्यक्ती येण्यास स्वातंत्र्यानंतरचे 1950 साल उजाडावे लागले, जेव्हा अरविंदनाथ मुखर्जी त्या पदावर आले. कायद्याने स्वातंत्र्य 1930मध्ये मिळाले, पण सर्वोच्च खुर्ची देण्याइतका विश्वास दाखवायला आणखी वीस वर्षे लागली. त्या काळात खेडोपाडी मंडळ्या चालवणारे मराठी पाळक आणि शिक्षक यांच्या श्रमांवरच हे धर्मप्रांत उभे होते, हे लॉइड यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकन धर्मसभेसह सहा ख्रिस्ती संघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. लॉइड यांच्यापासून सुरू झालेला नाशिकचा धर्मप्रांत आज तिचाच भाग आहे.