चमचाभर तेलाचा जोर

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर गाडी चालवताना उजव्या पायाला उसंत नसते. माळेगावकडे, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे, बिजवडीच्या कर्मयोगीकडे निघालेल्या ट्रॅक्टरांमागे दोन-दोन ट्रॉल्या हेलकावत असतात. मध्येच बैलगाड्यांची रांग लागते. ताशी ८० किलोमीटरने येणारी टनभर वजनाची मोटार अशा रांगेमागे थांबवायची, तर सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जेची काही सेकंदांत उष्णता करावी लागते. तेवढ्या उष्णतेत लिटरभर पाणी जवळजवळ ६० अंशांनी तापेल. आणि हे सारं घडवून आणायला बॉनेटखालच्या एका छोट्या नळकांड्यातून सरकतं ते जेमतेम चमचाभर तेल! त्या नळकांड्याचं नाव मास्टर सिलिंडर.

त्याच्या पोटातला व्यास साधारण २० मिलिमीटर, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढा. तुम्ही पेडलवर १० किलोचा भार दिला असं समजा. पेडलच्या तरफेमुळे त्याचे ४० किलो होतात, बूस्टर ते तिपटीने वाढवून १२० करतो. हा भार सिलिंडरमधल्या दट्ट्यावर पडला की तेलात प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३८ किलोंचा दाब तयार होतो. टायरमधल्या हवेपेक्षा हा दाब सोळा-सतरा पट जास्त. तोच दाब पुढच्या चाकाजवळच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पोचतो आणि तिथे साडेसातशे किलोंचा जोर उभा राहतो. पायाचे १० किलो कुठे आणि हे साडेसातशे कुठे!

बंद द्रवाला एका जागी दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सांगितलं. त्याचा ग्रंथ छापून आला १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने याच नियमावर दाबयंत्र केलं, आणि विसाव्या शतकात माल्कम लॉकहीड या अमेरिकी माणसाने हाच नियम मोटारीच्या चाकांपर्यंत नेला. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलावरचे ब्रेक होते. आज बारामतीच्या एमआयडीसीतून बाहेर पडणारी पियाजिओची आपे रिक्षासुद्धा याच नियमाच्या जोरावर थांबते.

उजनीच्या फुगवट्यातून शेतात पाणी उचलणाऱ्या इंदापूरच्या शेतकऱ्याला यातली अर्धी गोष्ट आधीच ठाऊक असते. पाइपलाइनने हवा धरली की मोटार फिरत राहते आणि पाणी काही पुढे सरकत नाही. ब्रेकच्या नळीचंही तसंच. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. एखादा बुडबुडा शिरला तरी पायाचा जोर त्याला चेपण्यात खर्च होतो आणि पेडल गादीसारखं मऊ लागतं. फरक एवढाच की शेतातला पाइप पाणी वाहून नेतो, तर ब्रेकची नळी नेते फक्त दाब. तेल जागचं हलतं ते नावापुरतं.

सिलिंडरच्या आत डोकावलं की अचंबा आणखी वाढतो. वरच्या तेलाच्या डबीतून खाली उतरणारं एक भोक सुईच्या टोकाएवढं बारीक असतं. पाय काढलेला असताना ते उघडं राहतं. ब्रेक तापून तेल फुगलं तर जास्तीचं तेल त्यातूनच डबीत परत जातं. हे भोक कचऱ्याने बुजलं तर पाय न लावताही ब्रेक धरून राहतो आणि चाकं तापतात. पेडल दाबताच दट्ट्यावरचा रबरी कप त्या भोकावरून पुढे सरकतो, वाट बंद होते, आणि त्या क्षणापासून दाब चढू लागतो.

हा रबरी कप खरा कसबी. त्याची पातळ कड पुढच्या बाजूला उघडी असते. तेलाचा दाब तिच्यात शिरतो आणि तिलाच सिलिंडरच्या भिंतीवर दाबून धरतो. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट! म्हणूनच झिजलेला कप जोरात दाबल्यावर तग धरतो आणि हलक्या पायाखाली हार मानतो. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा दिंड्यांच्या गाड्या पावलापावलाने सरकतात आणि चालकाचा पाय तासन्‌तास ब्रेकवर हलका टेकलेला असतो. कपाची खरी परीक्षा तिथे होते.

एकाच सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन दट्ट्ये असतात, ही व्यवस्था १९६० च्या दशकापासून रुळली. प्रत्येकाची नळी वेगळी. छोट्या गाड्यांत बहुधा एक दट्ट्या पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक बाजू गळाली तर पेडल खोल जातं, थांबायला अंतर जास्त लागतं, पण निम्मा ब्रेक हाती राहतो.

तेलाचाही एक स्वभाव आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि त्याने ती शोषावी अशीच योजना असते. नाहीतर पाणी सखल जागी साठून लोखंड गंजवेल आणि १०० अंशांना उकळेल. पण या गुणाची किंमत मोजावी लागते. डॉट ३ प्रकारचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाट उतरताना तेल उकळलं तर नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून गाडी कमी फिरली असली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, आणि ते सीलबंद डब्यातलंच घ्यावं. इंजिन ऑइलचे चार थेंबसुद्धा डबीत जाता कामा नयेत. रबर फुगतं आणि कप निकामी होतात.

जुन्या गाडीच्या ब्रेकमधली एअर काढताना पेडल पार तळापर्यंत कधी दाबू नये. रोजच्या वापरात कप जिथे पोचत नाही, त्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. कप त्यावरून घासला की त्याची कड फाटते. ऑइल बदललं आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेक बसला, असं होतं ते बरेचदा यामुळे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

सिलिंडर बदलायची वेळ आली तर फक्त नव्या कपांचं किट टाकून भागवू नये, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये. आतला कठीण थर एकदा घासला गेला की नवे कपही टिकत नाहीत. चांगला मिस्त्री आधी पिचकारीने डबीतलं तेल काढतो, रंगावर ओघळू नये म्हणून खाली फडकं पसरतो आणि नळ्यांचे नट न झिजवता सोडवतो. जुना सिलिंडर निघाला की बूस्टरचं तोंड ओलं आहे का, ते पाहतो. नवा सिलिंडर बसवण्याआधी शिकंजात धरून, दट्ट्या सावकाश दाबून त्यातली हवा काढतो. मग चाकांची पाळी. एकजण गाडीत, दुसरा चाकाजवळच्या हवा सोडायच्या निपलशी. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ अशी हाळी चालते आणि पारदर्शक नळीतले बुडबुडे संपले की पेडल दगडासारखं घट्ट होतं. एबीएस असलेल्या काही गाड्यांना मात्र यासाठी स्कॅनरही लागतो.

तपासणी तुम्हाला आजच करता येईल. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि पेडल हलकेच दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. जागचं हललं नाही तर आतले कप आपलं काम चोख करत आहेत. पायाखाली हळूहळू खचत गेलं, तर डबीतलं तेल काठोकाठ असलं तरी फसू नका. कुठेतरी गळतंय किंवा कपाने धीर सोडलाय. मग गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून गॅरेजला न्या.