तवा कशाचा घ्यावा? आधी सांगा, त्यावर करणार काय!

नॉनस्टिकने कॅन्सर, ॲल्युमिनियमने विस्मरण आणि बिडाचं वापरलं की हिमोग्लोबिन झरझर वर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांड्यांची कुंडली अशी एका ओळीत मांडून मिळते. ती वाचून कुणीतरी धसका घेतं, घरातले तवे मोडीत काढतं आणि मुलुंड पश्चिमेला एम. जी. रोडवरून तीन किलोची कढई उचलून आणतं. पावसाळा संपायच्या आत ती गंज धरून माळ्यावर जाते.

कोणत्याही धातूला सरसकट चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही. आच किती लागणार, पदार्थ आंबट किती आणि तो भांड्यात राहणार किती वेळ, एवढं ठरलं की भांडं ठरतं. खालचे बहुतेक गैरसमज यातला एखादा प्रश्न न विचारल्यामुळेच पसरले आहेत.

गैरसमज १ : नॉनस्टिकचा टवका पोटात गेला की कॅन्सर होतो.

वस्तुस्थिती : नॉनस्टिकचा थर पीटीएफईचा असतो, टेफ्लॉन हे त्याचं गाजलेलं व्यापारी नाव. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या रॉय प्लंकेट यांच्या हाती तो योगायोगाने लागला. हा पदार्थ इतका निष्क्रिय आहे की चुकून गिळलेला कण न पचता तसाच बाहेर पडतो. बदनामी झाली ती पीएफओए या दुसऱ्याच रसायनामुळे. थर तयार करताना ते वापरलं जाई. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर बंद केला.

खरा धोका आचेचा आहे. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे हा थर बिघडू लागतो, आणि फार तापला तर त्यातून विषारी धूर सुटतो. घरातल्या पिंजऱ्यातले पक्षी या धुराने दगावतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत तर १७० अंशांच्या पुढेच सावध राहायला सांगितलं आहे. आता आपल्या घरात काय होतं ते पाहा. पोळ्यांसाठी नॉनस्टिक तवा मोठ्या बर्नरवर चढतो, कोरडा, आच पूर्ण. पहिली पोळी लाटून होईपर्यंत तो रिकामाच तापतो आणि प्रत्येक दोन पोळ्यांच्या मध्येही रिकामाच राहतो. म्हणजे ज्या कामाला तो सगळ्यात कमी लायक, त्यालाच रोज जुंपलेला! धिरडी, ऑमलेट, घावन अशा मध्यम आचेवरच्या, तेलाचं बोट पुसून होणाऱ्या पदार्थांना तो ठेवा. पोळी-भाकरीचं काम लोखंडाचं.

गैरसमज २ : ‘ग्रॅनाइट’ तवा दगडाचा असतो आणि ‘पीएफओए-फ्री’ म्हणजे टेफ्लॉन नाही.

वस्तुस्थिती : ठिपकेदार ‘ग्रॅनाइट’ तवे बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचेच असतात, वरचा ठिपक्यांचा थर नॉनस्टिकचाच. ‘पीएफओए-फ्री’चा अर्थ तो थर करताना पीएफओए वापरलं नाही, इतकाच. पीटीएफई असू शकतं. ते नको असेल तर खोक्यावर ‘पीटीएफई-फ्री’ शोधा. ‘सिरॅमिक’ तव्यांचा थर वाळूतल्या सिलिकापासून केलेला असतो. तो जास्त आच सोसतो, पण न चिकटण्याचा त्याचा गुण लवकर ओसरतो.

गैरसमज ३ : ॲल्युमिनियमच्या भांड्यामुळे अल्झायमर होतो.

वस्तुस्थिती : ही शंका १९६०-७० च्या दशकांतल्या काही संशोधनांमुळे उठली. पुढच्या अभ्यासांत स्वयंपाकाच्या भांड्यांचा अल्झायमरशी संबंध सिद्ध झालेला नाही. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही रक्तात उतरत नाही आणि निरोगी मूत्रपिंडं तेही बाहेर टाकतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं.

तरीही आंबटाचा नियम पाळायलाच हवा. चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, आमसुलाचं काहीही साध्या ॲल्युमिनियममध्ये शिजवू नये आणि रात्रभर ठेवू तर मुळीच नये. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यावर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला असतो, त्यामुळे धातू अन्नात फारच कमी उतरतो. मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ज्या हॉकिन्सचा कारखाना आहे, तिची ‘फ्युचुरा’ याच प्रकारची.

विस्मरणापेक्षा काळजी करावी ती शिशाची. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं अन्नात उतरू शकतं, असा इशारा दिला. भंगार वितळवून केलेल्या, नाव-गाव नसलेल्या पातेल्यात कोणता धातू मिसळला आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

गैरसमज ४ : लोखंडी कढईत शिजवलं की रक्त वाढतं, गोळ्यांची गरज नाही.

वस्तुस्थिती : लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात लोह वाढतं, हे खरं. पदार्थ जितका आंबट, पातळ आणि जास्त वेळ शिजणारा, तितकं जास्त. पण किती वाढेल याचं माप नाही आणि वाढलेलं सगळंच अंगी लागत नाही. तेल मुरून काळ्याभोर झालेल्या तव्यातून तर ते कमीच उतरतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा कढई घेऊ शकत नाही.

मुलुंडकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथे कच्छी, लोहाणा आणि सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात आणि या समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आढळतं. वाहकाचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, पण त्याला लोहाची कमतरता असेलच असं नाही. म्हणून आधी तपासणी, मग कढई.

गैरसमज ५ : बिडाचा तवा सगळीकडे सारखा तापतो आणि त्याला साबण चालत नाही.

वस्तुस्थिती : उष्णता पसरवण्यात लोखंड ॲल्युमिनियमच्या जेमतेम चौथा हिस्सा. त्यामुळे मोठा बिडाचा तवा छोट्या बर्नरवर ठेवला की मधोमध थालीपीठ करपतं आणि कडेला कच्चं राहतं. बिडाचा गुण वेगळा आहे: एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो. मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या, मग आंबोळीला जी जाळी पडते ती दुसऱ्या तव्यावर पडत नाही.

नवा तवा घासून, गॅसवर कोरडा करून त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. गार झाला की पुन्हा तसंच. तीन-चार वेळा केलं की तेल कडक होऊन लोखंडावर थर धरतं. तो साध्या तेलकटपणासारखा सुटत नाही, म्हणून थोड्या साबणाने बिघडत नाही. त्याचे शत्रू दोन: तारेची घासणी आणि सिंकमध्ये रात्रभर भिजणं. भांडी घासायला मावशी येत असतील तर तवा त्यांच्या ढिगात टाकूच नका. आणि मुंबईच्या जुलैमध्ये धुतलेला तवा फडक्याने पुसून भागत नाही. मिनिटभर गॅसवर ठेवून, तेलाचं बोट लावूनच ठेवावा. तरी गंज आलाच तर घाबरू नका. घासून काढा आणि पुन्हा तेल मुरवा.

गैरसमज ६ : चुंबक चिकटलं तर स्टील हलकं, आणि स्टीलमध्ये पदार्थ चिकटणारच.

वस्तुस्थिती : अन्नाला उत्तम मानलं जाणारं ३०४ प्रतीचं स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. पण इंडक्शनवर चालायचं तर बूड चुंबकाला धरणारं लागतं, म्हणून चांगल्या भांड्यांनाही बाहेरून ४३० प्रतीचा थर देतात. उलट निकेल कमी असलेलं काही स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. थोडक्यात, चुंबकावरून इंडक्शनचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. दर्जासाठी आयएसआय चिन्ह पाहा. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ते बंधनकारक करणारा आदेश केंद्राने मार्च २०२४ मध्ये काढला.

स्टील उष्णता फार वाईट पसरवतं, म्हणून पातळ बुडाच्या पातेल्यात खीर लागते. ट्रायप्लाय कढईत दोन स्टीलच्या मध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो. तो हे काम करतो. चिकटण्यावर उपाय सोपा. कढई तापली की पाण्याचे दोन थेंब टाका. ते चर्र होऊन विरले तर अजून थांबा. मोत्यासारखे घरंगळू लागले की आच कमी करा, तेल घाला, मग बटाट्याच्या काचऱ्या टाका. तळ धरला तरी लगेच खरवडू नका. खालून लालसर झाल्या की आपोआप सुटतात.

गैरसमज ७ : तांबं-पितळ आजीच्या काळापासून चालत आलंय, म्हणजे निर्धोक.

वस्तुस्थिती : आजी ते कल्हई लावून वापरत असे. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा आमटी कळकते आणि उलट्या होऊ शकतात. कल्हई म्हणजे कथलाचा मुलामा, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून पितळेची कढईही रिकामी तापवू नये. पायधुनीच्या तांबा काट्यावरून हौसेने पातेलं आणायचं असेल, तर आधी कल्हईवाला शोधून ठेवा.

मग घ्यायचं काय?

चार माणसांच्या घराला एक लोखंडी किंवा बिडाचा तवा, एक ट्रायप्लाय कढई आणि आंबट आमट्यांसाठी जाड बुडाचं एक स्टीलचं पातेलं पुरतं. धिरड्यांची आवड असेल तर एक छोटा नॉनस्टिक. दुकानात भांडं काउंटरवर ठेवून डुगडुगतं का ते बघा, रिव्हेट दाबून पाहा आणि एका हाताने उचला. रिकामं असतानाच मनगट दुखत असेल तर भरल्यावर ते ओट्यावरून हलणार नाही.

घरी आहे ते सगळं टाकून द्यायचीही गरज नाही. नॉनस्टिक पोळ्यांवरून काढून धिरड्यांवर लावा, ॲल्युमिनियममधली आमटी स्टीलमध्ये करा, लोखंडी कढईतली भाजी झाल्याबरोबर काढून ठेवा. मोडीत जायचं ते फक्त थर उखडलेला तवा आणि नाव-गाव नसलेलं पातळ पातेलं. बाकीच्यांची नुसती कामं बदलायची आहेत.