सायकलीचे रक्षण

भिंगार-केडगावाहून सायकलीने येणाऱ्या विद्यार्थ्याची सायकल चोरीस गेली, तर त्याची शाळाच अडते. भारतीय न्याय संहितेत घरातील चोरीस ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु शिक्षेने सायकल परत येतेच असे नाही.

पडवीत नुसते चाकास कुलूप लावलेली सायकल चोर उचलून नेतो. यास्तव भिंतीत लोखंडी कडी सिमेंटने पक्की बसवावी आणि साखळी सांगाडा व मागील चाक यांतून त्या कडीत ओवून कुलूप लावावे. दाराच्या कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असल्यास त्यांच्या जागी आरपार बोल्ट घालून आतून नट आवळावेत. सांगाड्यावरील क्रमांक, जो बहुधा पायडलाच्या कण्याखाली असतो, वहीत टिपून ठेवावा. रंग बदलला तरी त्यावरून सायकल ओळखता येते.

विद्यार्थिमित्रहो, येत्या शनिवारी दुपारी वडिलांसह एवढे काम अवश्य उरकावे.