ट्रॅक्टरचं शहाणपण लॅपटॉपला चालत नाही
(लेखमाला : घरातली वीज – लेखांक ११)

मुरगूड आणि वेदगंगेच्या काठच्या गावांत बॅटरी ही वस्तू लॅपटॉपबरोबर आलेली नाही. ती आली ट्रॅक्टरमधून आणि पुढं भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरमधून. त्यामुळं इथं बॅटरीचं एक पक्कं शहाणपण आधीपासून आहे. बॅटरी उतरू द्यायची नाही. उसाचा हंगाम संपून ट्रॅक्टर उभा राहिला तरी अधूनमधून इंजिन सुरू करायचं. डिस्टिल वॉटर कमी झालं तर ओतायचं. आणि एवढं करूनही बॅटरी बसलीच, तर ती चार्जिंगच्या दुकानात टाकायची. रात्रभर सावकाश चार्जिंगला लावली की पुष्कळदा ती पुन्हा उभी राहते.

हे शहाणपण खोटं नाही. शिसं आणि आम्लाची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानं 1859 मध्ये बनवली आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे. ती उतरली की दोन्ही प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण बसतात. चार्ज केली की ते विरघळून जातात. उतरलेल्या स्थितीत महिनाभर पडून राहिली, तर हे कण वाढून कडक होतात आणि सहजी विरघळत नाहीत. बॅटरी बसते ती यामुळं. सावकाश, लांबलेल्या चार्जिंगनं त्यातले काही कण परत सुटतात, म्हणून गेलेली ताकद थोडीफार परत येते. ‘कायम भरलेली ठेव’ हा सल्ला या बॅटरीसाठी शंभर टक्के बरोबर आहे.

घोटाळा होतो तो हाच सल्ला लॅपटॉपला लावल्यावर. 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी अनेक घरांत पहिल्यांदा लॅपटॉप आले, काही नवे, काही जुन्या बाजारातले. त्यातले बरेचसे तेव्हापासून चार्जरला लावलेलेच आहेत. वायर काढली की वीस मिनिटांत पडदा काळा. मग घरात पहिला प्रश्न येतो, ‘हिला परत चार्जिंगला टाकून काही होत नाही का?’

याचं उत्तर आतल्या रसायनात आहे. लॅपटॉपच्या सेलमध्ये ना शिसं असतं, ना आम्ल. एका बाजूला तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्ट किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या ऑक्साइडचा थर, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सेंद्रिय द्रावण. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये शिरतात, वापरताना परत फिरतात. यासाठी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइड वापरता येतं हे जॉन गुडइनफ यांच्या गटानं 1980 मध्ये दाखवलं, अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये त्यातून सुरक्षित सेलचा नमुना घडवला आणि 1991 मध्ये सोनीनं तो बाजारात आणला. गुडइनफ, योशिनो आणि त्यांच्याआधी हा मार्ग दाखवणारे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

या मांडणीत एक अडचण जन्मापासून आहे. चार्ज झालेल्या ग्राफाइटजवळ ते द्रावण टिकत नाही. त्याचं विघटन होतं. सेल चालतो तो केवळ याच विघटनातून ग्राफाइटवर एक पातळ थर तयार होतो म्हणून. हा थर आयनांना जाऊ देतो, पण बाकीच्या द्रावणाला ग्राफाइटपासून दूर ठेवतो. दुधावर साय धरते आणि खालचं दूध झाकते, तसंच काहीसं. पण साय दुधातूनच बनते, तसा हा थरही सेलमधल्या लिथियममधून बनतो. कारखान्यातल्या पहिल्याच चार्जिंगमध्ये एकूण लिथियमचा काही हिस्सा त्यात अडकतो आणि पुढं तो कधीच ये-जा करत नाही. थर तिथंच थांबला असता तर तक्रार नव्हती. पण ग्राफाइट दर फेरीला थोडं फुगतं, आकसतं, थराला भेगा पडतात, त्या बुजवायला पुन्हा लिथियम खर्च होतं. काहीही न करता सेल नुसता पडून असला तरी थर अगदी हळूहळू जाड होत राहतो.

म्हणजे लॅपटॉपची बॅटरी ‘बसत’ नाही. तिच्यातलं फिरतं लिथियम कमी होत जातं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत सल्फेटचे कण निदान प्लेटांवरच असतात, त्यांना परत विरघळवता येतं. इथं लिथियम अशा संयुगांत बांधलं गेलेलं असतं, जी चार्जरच्या विजेनं सुटत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या ऑक्साइडचे कणही काळानं तडकतात, द्रावण झिजतं, आतला रोध वाढतो. पण घरगुती वापरात मुख्य चोर हा थरच.

त्याला खतपाणी मिळतं दोन गोष्टींनी : उष्णता आणि भरलेली अवस्था. कोबाल्टच्या सेलसाठी वर्षानुवर्षं दिला जाणारा एक ढोबळ हिशेब असा आहे. चाळीस टक्के भरलेला सेल 25 अंश तापमानात वर्षभर नुसता ठेवला, तर त्याची सुमारे 96 टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवला तर 80 टक्क्यांच्या आसपास. तापमान 40 अंश केलं तर हेच आकडे 85 आणि 65 होतात. नवे सेल याहून बरे असतात, पण कल तोच. आता चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली, गादीवर ठेवलेला, खालची जाळी गोधडीनं बुजलेली आणि दिवसभर चार्जरला लावलेला लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि गरमही. तिची काळजी म्हणून जे केलं जातं, त्यानंच ती लवकर म्हातारी होते. वापरून झिजण्यापेक्षा अशी पडून झिजलेली बॅटरीच घरांत जास्त सापडते, असं माझं मत आहे.

पूर्ण भरलेल्या अवस्थेत सेलचा दाब 4.2 व्होल्टच्या आसपास जातो. तो 0.1 व्होल्टनं खाली ठेवला तर एका चार्जमध्ये साठणारी वीज दहाएक टक्क्यांनी घटते, पण फेऱ्यांचं आयुष्य दुपटीच्या जवळ जातं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणूनच आता बहुतेक कंपन्यांनी 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय दिली आहे. लेनोव्होत ती व्हँटेज नावाच्या ॲपमध्ये मिळते, आसुसमध्ये मायआसुसमध्ये, डेलमध्ये बायोसच्या सेटिंगमध्येही. लॅपटॉप टेबलावर राहणार असेल, तर ही मर्यादा लावून विसरून जावं. अपवाद आपल्या भागाचा : 2019 आणि 2021 च्या पुरात जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पाण्याची पातळी वाढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या की मर्यादा काढा आणि बॅटरी गच्च भरून ठेवा. चार दिवसांनी काही बिघडत नाही.

आता ‘परत आणण्या’कडे वळू. आधी खरंच किती गेलंय ते बघावं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हे इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता मिलिवॉट-तासांत शेजारी शेजारी दिसतात. समजा पहिला आकडा 41,000 आहे आणि दुसरा 28,000, तर सुमारे 68 टक्के उरली.

या दुसऱ्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बॅटरीत एक छोटी चिप असते. ती आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवते. पूर्ण भरणं आणि जवळजवळ रिकामं होणं या दोनच खुणांपाशी तिला आपला हिशेब पडताळता येतो. कायम चार्जरला लावलेल्या लॅपटॉपला यातली रिकामी होण्याची खूण कधी भेटतच नाही, आणि चुका साचत जातात. बॅटरी 35 टक्के दाखवत असताना लॅपटॉप पटकन बंद पडतो, त्याचं एक कारण हे. अशा वेळी मर्यादा काढून पूर्ण चार्ज करावं, तासभर तसंच ठेवावं, मग वापरत वापरत लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत उतरवावं आणि लगेच सलग पूर्ण चार्ज करावं. पुष्कळांना यानं बॅटरी ‘सुधारल्या’सारखी वाटते. सुधारलेला असतो तो मीटर. एवढं करूनही 35 टक्क्यांवर मान टाकत असेल, तर आतला रोध वाढलेला आहे, आणि त्याला घरगुती उपाय नाही.

दर आठवड्याला पूर्ण उतरवून चार्ज करण्याचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्यांना अर्धवट वापराची सवय लागायची. लिथियमच्या बॅटरीला ती लागत नाही, उलट खोल उतरवणं तिला जड जातं. फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ठेवण्याचा प्रयोगही ऐकू येतो. थंडीत म्हातारपण हळू येतं हे खरं, पण आलेलं परत जात नाही; आणि बाहेर काढल्यावर दव धरून सर्किट खराब होतं ते वेगळं. ‘बॅटरी डॉक्टर’ छापाची ॲप तर सरळ काढून टाकावीत.

गेलेलं लिथियम परत घालता येत नाही का? प्रयोगशाळेत येतं. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी फेब्रुवारी 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये असंच काम प्रसिद्ध केलं. त्यांनी लिथियमचं एक सेंद्रिय मीठ शोधलं. ते सेलमध्ये टोचून चार्ज केलं की त्याचं विघटन होतं, लिथियम आत राहतं आणि उरलेलं वायू होऊन बाहेर काढता येतं. त्यांच्या प्रयोगातल्या सेलची सुमारे 96 टक्के क्षमता अकरा हजारांहून जास्त फेऱ्यांनंतर टिकली. पण त्यासाठी सेलच तसा, टोचता येण्याजोगा बनवावा लागतो. आपल्या लॅपटॉपचा सीलबंद सेल दुकानात टोचणं म्हणजे आगीला बोलावणं.

दुसरा मार्ग मूळ रसायनच बदलण्याचा. रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या शाळेत 2007 मध्ये ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची भारतातली सुरुवात झाली. पुढं जगभर वाटलेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत कोबाल्टऐवजी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी होती. ती त्याच वजनात कमी वीज साठवते, पण फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यानं उष्णता जास्त सोसते आणि जास्त फेऱ्या टिकते. पातळ लॅपटॉपच्या हव्यासात ती मागं पडली. आता तीच घरगुती इन्व्हर्टरमध्ये शिशाची जागा घेऊ लागली आहे. तेव्हा इन्व्हर्टर बदलाल, तर डिस्टिल वॉटरचा कॅन विसरावा लागेल.

उरतो तो नवी बॅटरी बसवण्याचा मार्ग, आणि तोच खरा. जुन्या पॅकमधले सेल काढून नवे जोडून देणारे कारागीर शहरांत आहेत, पण आतली चिप जुनाच हिशेब धरून बसते, कधी कुलूपच लावते. आणि नवे-जुने सेल एकत्र जोडले तर धोका. पॅक घेताना त्यावरचे व्होल्ट आणि वॉट-तास जुन्याशी जुळवा. त्याच आकारात दीडपट वॉट-तास लिहिलेले दिसले तर घेऊ नका. बनवल्याची तारीख विचारा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेली बॅटरी नवी नसते, हे आत्तापर्यंत लक्षात आलंच असेल.

टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचं झाकण फुगलं, तर वाट बघू नका. आत वायू साठला आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. ती टोचू नका, दाबू नका, घंटागाडीत टाकू नका. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीत पैसे वळते होतात, कारण शिशाला भाव आहे आणि ते गोळा करणारी साखळी गावापर्यंत पोचलेली आहे. लिथियमच्या पॅकला मुरगुडात भंगारवाला सहसा हात लावत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून नवी बॅटरी घेतानाच जुनी परत घेणार का, हे दुकानदाराला विचारा, आणि तो घेत नसेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात द्या.

(पुढील लेखांक : मीटरमधलं रीडिंग आणि बिलावरचं युनिट)