साबुदाण्याएवढा उजेड

इंग्लंडमधली 52 वर्षांची एक परिचारिका. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू, त्यात एकाचा पडदाही सुटलेला. 1967 साली तिच्या डोक्यावर, केसांवरूनच, तारेची एक छोटी गुंडाळी दाबून धरली गेली आणि तिला डाव्या हाताला पांढरा ठिपका दिसला. केवढा? हात लांब करून धरलेल्या साबुदाण्याच्या दाण्याएवढा, असं तिनं सांगितलं.

तो उजेड डोळ्यांतून आलाच नव्हता. न्यूरोसर्जन वॉलपोल लेविन यांनी तिची कवटी उघडून उजव्या मेंदूच्या मागच्या टोकाला प्लॅटिनमचे 80 इलेक्ट्रोड टेकवले होते आणि त्यांना जोडलेले चिमुकले रेडिओ रिसीव्हर टाळूच्या कातडीखाली बसवले होते. कल्पना शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांची. मेंदूच्या या भागाला वीज दिली की माणसाला प्रकाश दिसतो, हे जर्मनीच्या ओटफ्रीड फोर्स्टर यांनी 1929 मध्येच नोंदवलं होतं. पण त्यावर अंधांसाठी यंत्र उभारायला ब्रिंडली आणि लेविन धजावले.

मग एकेक इलेक्ट्रोड तपासणं सुरू झालं. प्रत्येकाचा ठिपका आपल्या ठरलेल्या जागीच उमटे. जेमतेम अडीच मिलिमीटरवरच्या शेजाऱ्याचा ठिपका वेगळा ओळखू येई. काही ठिकाणी मात्र एकाऐवजी दोन-तीन ठिपके, नाहीतर नुसता ढगासारखा पुंजका. अनेक इलेक्ट्रोड एकदम चालवले तेव्हा तिला साध्या आकृत्या दिसल्या, आणि त्याही आधी वर्तवता येतील अशा! अडचणही तिथेच कळली: तिनं नजर वळवली की ठिपकेही तिच्याबरोबर सरकत.

डोळे निकामी झाले तरी पाहणारा मेंदू जागा असतो, हे त्या बाईनं दाखवून दिलं. माझ्या मते या शोधाचं अर्धं श्रेय तिचंच आहे. पुढे स्पेनमधल्या एल्चे इथे, 16 वर्षं अंध असलेल्या एका माजी शिक्षिकेनं मेंदूतल्या 96 इलेक्ट्रोडांच्या जोरावर काही अक्षरं ओळखली. तो अहवाल 2021 चा. म्हणजे मधे अर्धशतक गेलं, आणि घरात सहज वापरता येईल असं यंत्र अजून हाती नाही.

म्हणून दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना कळकळीनं सांगतो. मोतीबिंदू ऑपरेशननं काढता येतो. काचबिंदूनं वाळलेली डोळ्याची नस कुठलाच डॉक्टर परत हिरवी करू शकत नाही. चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, तर द्राक्षबागेची खरडछाटणी उरकताच डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या.