घरी शिकणाऱ्या मुलांचा समाजअभ्यास

मुलाला शाळेत न पाठविता घरीच शिकवावयाचे असे एखाद्या कुटुंबाने ठरविले, म्हणजे गणिताची व भाषेची पुस्तके तत्काळ जमविली जातात. इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र मात्र मागे पडतात. हे विषय सवडीने वाचून होतील, अशी समजूत असते. वस्तुतः दीर्घ आखणीची गरज याच विषयांना अधिक आहे. हैदराबादेतील नल्लकुंटा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा विचार केला, तर हे स्पष्ट होईल.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १० व्या कलमाने मुलाला शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर घातले आहे. मात्र ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देता येते. तिच्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आठव्या वर्षी आरंभ केला, तर हाती सहा वर्षे असतात. त्यांचे दोन-दोन वर्षांचे तीन टप्पे करणे सोयीचे होते.

पहिला टप्पा परिसराचा. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंटा’ म्हणजे लहान तळे. वस्तीच्या नावात तळे का, हा मुलाचा पहिला प्रश्न असावा. त्यातून शहराच्या पाण्याकडे वळता येते : २८ सप्टेंबर १९०८ चा मूसी नदीचा महापूर, आणि त्यानंतर बांधलेले उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय. नल्लकुंट्यातील तापाच्या रुग्णालयाला रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. १८९७ साली सिकंदराबादेत त्यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू सापडले. ही एक गोष्ट मुलाला गल्लीतल्या डबक्यापासून जगाच्या नकाशापर्यंत नेते.

दुसरा टप्पा दख्खनचा व भारताचा. खरी अडचण येथेच उभी राहते. महाराष्ट्राचे पुस्तक घ्यावे, की तेलंगणाचे? एकच घेतले, तर मुलाचा अर्धा वारसा बाहेर राहतो. म्हणून राज्याच्या सीमेऐवजी दख्खन हा प्रदेश धरावा. गोदावरी नाशिकहून पैठण व नांदेडवरून तेलंगणात येते; सातवाहनांचे राज्यही दोन्हीकडे पसरले होते. शिवाजीमहाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्यास आले ते कुतुबशहाशी मैत्री जोडण्यासाठी. १७९५ मध्ये खर्ड्यास मराठे व निजाम समोरासमोर उभे राहिले ते शत्रू म्हणून. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, म्हणजे राजकारणातील मैत्री व वैर कायमचे नसते, हे मुलाला उपदेशावाचून कळते.

तिसरा टप्पा आधुनिक राज्याचा, संविधानाचा व जगाचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले : मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरात व तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा वेगळे झाले. संघराज्य म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण कोठे मिळणार?

परंतु घरच्या शिक्षणातील मोठा धोका वेगळाच आहे. शाळेत निरनिराळ्या घरांतील मुले एका बाकावर बसतात. घरी बहुधा एकच आवाज असतो. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस घ्या. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. २०२२ साली हैदराबादेत केंद्र सरकारने तो मुक्ती दिन म्हणून, तर राज्य सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून साजरा केला. कोणाच्या घरी रझाकारांच्या अत्याचारांची आठवण आहे, तर कोणाच्या घरी त्यानंतरच्या हिंसाचाराची. या दुसऱ्या दुःखाची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली होती. आजोबांनी सांगितलेली हकीकत खोटी नसते, पण ती पूर्णही नसते. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रकरणाला दुसऱ्या भाषेतील एक पुस्तक आणि शेजारच्या घरातील एक वडीलधारे माणूस, ही जोड आराखड्यातच लिहून ठेवावी.

बाकीची साधने थोडकी पुरतात. भिंतीवर एक लांब कालपट लावावा, एक नकाशा असावा, आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली एक वही. वर्षाअखेरीस ती वही पाहून पुढच्या वर्षाची आखणी बदलावी. आखणीसाठी मुलाला ओढू नये. सहा वर्षांनी मुलाला किती सनावळ्या पाठ आहेत, हे परीक्षा पाहीलच. आपल्या घराहून निराळी हकीकत सांगणाऱ्याचे तो शांतपणे ऐकून घेतो की नाही, हे मात्र आईवडिलांनीच पाहावयाचे आहे.