दोन वेशींचा संगणक

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावरून भरण्याचा शेवटचा दिवस होता. गगनबावड्याकडील एका गांवाहून आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील एक दिवसाची मजुरी बुडवून, कागदपत्रांची पिशवी पावसांतून सांभाळीत, एस. टी. नें शाळेंत आले होते. संगणक चालू होता. पाठीमागील दोन्ही तारांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. परंतु अर्जाचें पान कांहीं केल्या उघडेना. आम्हीं आधीं इंटरनेट पुरविणाऱ्यांस दोष दिला, मग पावसास दिला, आणि यंत्र तीनदां बंद करून पुन्हा चालू केलें. यांत दोन तास गेले. शेवटीं दोष सांपडला तो आमच्याच हातचा होता. त्या दिवशीं आम्ही जें शिकलों तें विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या उपयोगीं पडावें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

संगणकास बाहेरच्या जाळ्याशीं जोडणारा जो भाग असतो त्यास नेटवर्क कार्ड म्हणतात. तारेचें कार्ड निराळें व बिनतारी, म्हणजे वाय-फायचें, निराळें. तारेच्या ज्या पद्धतीस ईथरनेट म्हणतात ती १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी यांनीं योजिली. आमच्या त्या संगणकांत तारेचीं दोन कार्डें होतीं. एक प्रयोगशाळेंतील इतर संगणकांकडे जाणारें, व दुसरें बाहेर इंटरनेटकडे नेणारें.

हा प्रकार समजण्यास आपल्या रेल्वेचें उदाहरण घेऊं. कोल्हापूर हें या मार्गावरील शेवटचें स्टेशन. १८९१ सालीं हा मार्ग सुरू झाला तेव्हांपासून येथून गाडीनें कोठेंही जावयाचें म्हणजे आधीं मिरजेसच जावें लागतें. पुण्यास जाणारा, बेळगांवास जाणारा, पंढरपुरास जाणारा, सर्वांची पहिली वाट एकच. त्यामुळें कोल्हापूर स्टेशनांत गाडी भलत्या दिशेस जाण्याचा प्रश्नच नाहीं. एका कार्डाचा संगणक असा असतो. मिरज मात्र जंक्शन आहे. तेथें चार दिशांस मार्ग फुटतात, आणि कोणती गाडी कोणत्या मार्गावर घालावयाची हें ठरवावेंच लागतें. अनेक कार्डांचा संगणक म्हणजे मिरज होय.

संगणक हा निर्णय मार्गांच्या एका तक्त्यावरून घेतो. प्रत्येक कार्डास आंकड्यांचा एक पत्ता असतो, जसें १९२.१६८.१.१०. त्यासोबत सबनेट मास्क नांवाचे दुसरे आंकडे असतात; आपला शेजार कोठपर्यंत, हें ते सांगतात. मास्क २५५.२५५.२५५.० असा असेल तर ज्यांच्या पत्त्याचे पहिले तीन आंकडे आपल्यासारखे, ते सर्व शेजारी. शेजाऱ्याचें पत्र संगणक थेट पोंचवितो. जो पत्ता शेजारचा नाहीं, व तक्त्यांतही ज्याची स्वतंत्र नोंद नाहीं, त्याचें पत्र तो डीफॉल्ट गेटवे नांवाच्या वेशीवर नेऊन देतो व पुढें पाठविण्याचें काम तिच्यावर सोंपवितो.

आतां दोन कार्डांस दोन वेशी लिहून दिल्या तर काय होईल? संगणक प्रत्येक मार्गाचा मेट्रिक नांवाचा अंक पाहतो व ज्याचा अंक लहान तो मार्ग धरतो. विंडोज ही प्रणाली सहसा अधिक वेगाच्या कार्डास लहान अंक देते. परंतु ती वेस पुढें इंटरनेटकडे उघडते कीं नाहीं, हें त्या अंकावरून कळत नाहीं. आमचें असेंच झालें होतें. दोन दिवसांपूर्वीं, सर्व रकाने भरावयाचेच असतात अशा समजुतीनें, आम्हीं प्रयोगशाळेच्या कार्डांत गेटवेचाही रकाना भरून ठेविला होता. तें कार्ड अधिक वेगाचें. म्हणून अर्जाचें पत्र दर वेळीं प्रयोगशाळेच्या वेशीवर जाऊन तेथेंच अडकत होतें. बाहेरची वाट मोकळी होती, पण तिकडे कोणी जातच नव्हतें.

असा दोष शोधण्याचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

पहिली गोष्ट, तारा व दिवे पाहावे. दिवा लागला म्हणजे तार जोडली आहे एवढेंच सिद्ध होतें. पुढची वाट मोकळी आहे असें नव्हे.

दुसरी गोष्ट, विंडोजमध्यें आज्ञा लिहिण्याच्या खिडकींत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन अक्षरांत लिहावी. प्रत्येक कार्डाचा पत्ता, मास्क व गेटवे समोर येतात. ते कागदावर उतरून घ्यावे. एखाद्या कार्डाचा पत्ता १६९.२५४ नें आरंभ होत असेल, तर त्यास पत्ता वांटून देणारें यंत्र भेटलें नाहीं व संगणकानें तो आपल्या मनानें घेतला, असें समजावें. दोन निराळ्या जाळ्यांवरील कार्डांचे पत्ते एकाच शेजाराचे दिसले, तर शेजारी कोणत्या दारीं राहतो हें संगणकास कळत नाहीं. अशा वेळीं एका जाळ्याचे आंकडे बदलावे, जसें १९२.१६८.१ च्या ऐवजीं १९२.१६८.२.

तिसरी गोष्ट, ‘पिंग’ या आज्ञेनें हांक मारून पाहावी. ही आज्ञा अमेरिकेंतील माइक म्यूस यांनीं १९८३ सालीं लिहिली, व पाणबुडी शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिचें नांव पडलें. आधीं गेटवेस हांक मारावी, मग ८.८.८.८ अशा एखाद्या दूरच्या पत्त्यास, आणि अखेर एखाद्या संकेतस्थळाच्या नांवास. आंकड्यांस उत्तर येतें व नांवास येत नाहीं, तर वाट ठीक आहे. नांवावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसच्या ठिकाणीं चूक आहे. कित्येक यंत्रें हांकेस मुद्दामच उत्तर देत नाहींत. म्हणून एकाच मौनावरून निकाल देऊं नये.

चौथी गोष्ट, ‘राऊट प्रिंट’ या आज्ञेनें मार्गांचा तक्ता पाहावा. त्यांत ०.०.०.० नें आरंभ होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक वेस. अशा दोन ओळी आढळल्या तर दोहोंचे मेट्रिक ताडून पाहावे. हा तक्ता आम्हीं आरंभींच पाहिला असता तर दोन तास वांचले असते.

पांचवी गोष्ट, संशय आल्यास एक कार्ड तात्पुरतें बंद करून पाहावें, मग तें चालू करून दुसरें. एका वेळीं एकच बदल करावा. चार बदल एकदम केले आणि यंत्र चाललें, तर कोणत्या बदलानें चाललें हें कळत नाहीं, व पुढच्या वेळीं शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

उपाय सोपा आहे. जें कार्ड केवळ आंतल्या जाळ्यासाठीं आहे त्याचा गेटवेचा रकाना रिकामा ठेवावा. वेस एकच असावी. आंतील जाळें शेजाराच्या पलीकडेही पसरलें असेल, तर तेवढ्या पत्त्यांपुरता निराळा मार्ग तक्त्यांत नोंदवावा. पालकांनीं घरींही हें ध्यानांत ठेवावें. लॅपटॉपास तार जोडलेली असतां मोबाइलचा हॉटस्पॉटही चालू केला, तर तो संगणक दोन वेशींचा होतो. कचेरीच्या कामासाठीं घातलेलें व्हीपीएनही तक्त्यांत एक नवें कार्ड म्हणून उभें राहतें.

ही जोडणी म्हणजे केवळ करमणुकीची सोय, असें कोणी समजूं नये. आपल्याच जिल्ह्यांत वारणानगर येथें १९९८ सालीं सहकारी संस्थांच्या आधारानें सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना हातीं घेण्यांत आली; कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतील तीं गांवें होतीं. ऊस उत्पादकास आपल्या उसाच्या वजनाची व पैशाची माहिती गांवांतच मिळावी, हा तिचा एक हेतु होता. अशा ठिकाणीं वाट अडली म्हणजे कोणा तरी माणसाची एक खेप फुकट जाते.

आम्हीं तो रकाना रिकामा केला आणि अर्जाचें पान तत्काळ उघडलें. सायंकाळीं पांचाच्या सुमारास अर्ज दाखल झाला. मुलीच्या वडिलांस आम्हीं चूक आमची होती असें स्पष्ट सांगितलें. ते म्हणाले, “असूं द्या सर, पोरीचं काम झालं.” आणि शेवटची गाडी चुकूं नये म्हणून पावसांतच स्टँडकडे निघाले. दुसऱ्या दिवशीं प्रयोगशाळेंत एक वही टांगली. कोणीही कोणताही आंकडा बदलण्यापूर्वीं जुना आंकडा, तारीख व आपलें नांव तींत लिहावें, असा नियम केला. त्या वहींतील पहिली नोंद आमच्या स्वतःच्या चुकीची आहे.